भीतीची आणेवारी

परीक्षा संपल्या की सोलापुरात दुपार एकदम मोठी होते. दारावर ओली चादर टाकावी, तिच्या गारव्याला आडवे व्हावे, ती वाळली की उठून पुन्हा भिजवावी. चादर तीनदा वाळली की गिरणीचा भोंगा होतो आणि मग संध्याकाळ झाली असे समजायचे. लहानपणापासून मी उन्हाळ्याची सुट्टी अशी चादरींवर मोजत आले आहे. मी लग्न होऊन याच गावात राहिले, त्यामुळे चादरी बदलल्या तरी हिशोब बदलला नाही.

यंदा आक्का, माझी थोरली बहीण, माहेरपणाला आली आहे. बरोबर तिची आठ वर्षांची सुमन. सुमन खाडीकाठची पोर. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईकडे गेले, तर तिने मला गाठून विचारले, "मावशी, तुमच्या गावात होडी कुठे लागते?"

मी म्हटले, "आमच्या गावात होडी नसते बाई. नळालाच पाणी तासभर येतं."

तिला ती थट्टा वाटली. आक्का तिथेच बसून गहू निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "होडी नसली तरी काहील असते हो. तुझ्या मावशीला विचार त्यातलं."

एवढे बोलून ती हसली. निदान मला तसे वाटले. गव्हाच्या ताटावरून तिने मान उचलीपर्यंत तिचा चेहरा नेहमीसारखा झाला होता. मी मात्र तिथल्या तिथे गोंधळून गेले, कारण चौदा वर्षांत आम्ही दोघींनी त्या काहिलीचे नाव एकमेकींपुढे घेतले नव्हते. मी घेत नव्हते, कारण मला त्या गोष्टीची लाज वाटे. ती का घेत नव्हती हे मला ठाऊक आहे, असे मी आजवर समजत होते.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. चार माणसे ऐसपैस बसतील एवढी, बुडाला सपाट, काठाला हातभर उंच. गुऱ्हाळे थंडीत चालतात. उन्हाळ्यात काहील रिकामी, आणि आमच्याकडे लाकडी होड्यांचे वैभव कुठले, म्हणून ज्याचे शेत पाण्याकाठी तो तीच पाण्यात लोटतो. आमच्या अण्णांनी एका सुट्टीत अशी एक काहील आठ दिवसांच्या भाड्याने घेतली होती. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि आक्का सोळाची.

अण्णा शाळेत भूगोल शिकवीत. बेट म्हणजे चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन, हे त्यांनी वीस वर्षे शिकवले, पण स्वतः ते कधी बेटावर उभे राहिले नव्हते. समुद्रही पाहिला नव्हता. गावातले सिद्धेश्वराचे देऊळ तळ्यात आहे, पण तिथे चालत जाता येते म्हणून ते बेट नव्हे, असे त्यांचे मत होते आणि दर्शनाला गेलो की ते आम्हाला ऐकवीत. तेव्हा एका सुट्टीत त्यांच्या मनात बेट आले यात नवल नाही. पण काहील त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी घेतली की आक्कासाठी, हे मला अजून नीट सांगता येत नाही. कारण दिले होते ते आक्काचे.

त्या वर्षी आक्काला कोकणातले स्थळ आले होते. माणसे चांगली, मुलगा शिकलेला, मागणीही आपणहून घातलेली. घर मात्र खाडीपलीकडे. बाजार, दवाखाना, मोटारीचा रस्ता सगळे अलीकडे, आणि ये-जा होडीतून. अण्णा त्या काळाच्या मानाने वेगळे. त्यांनी आक्काला समोर बसवून सांगितले, "तू हो म्हणालीस तरच मी पत्र घालीन." आक्का बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग म्हणाली, "मला पाण्याची भीती वाटते."

झाले, एवढेच. मुलगा नको म्हणाली नाही, गाव लांब आहे म्हणाली नाही. तिच्याजवळ नकार म्हणून जे काही होते ते एवढेच होते. आई म्हणाली, "मग नको लांबचं ते." पण अण्णा मास्तर होते. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट येत नाही म्हणजे ती नीट शिकवली गेली नाही, अशी त्यांची पक्की समजूत. "भीती अज्ञानातून येते," ते म्हणाले. "हिने पाणी पाहिलंय कुठे? घागरीतलं. आठ दिवस पाण्यावर काढू आणि मग विचारू."

अशी आमची बेटावरची सुट्टी ठरली.

हिप्परग्याच्या तलावाकाठी बिरूमामांचे शेत होते. त्यांचा मुलगा अण्णांच्या हाताखालून शिकून गेलेला, म्हणून ते अण्णांना फार मानीत. त्यांच्या शेतातल्या छपरात आमचा मुक्काम. काठापासून थोड्या अंतरावर पाण्यात एक टेकाड वर आलेले होते, दोन बोरी आणि एक बाभूळ असलेले. अण्णांनी ते पाहिले आणि हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता म्हणाले, "बेट!"

बिरूमामा म्हणाले, "टेकाड हाय ते, मास्तर. पावसाळ्यात दिसत बी न्हाय."

"चारी बाजूंनी पाणी आहे ना?"

"हाय की."

"मग बेट."

बिरूमामांनी वाद घातला नाही. काहिलीचे भाडे ठरले ते मला आठवत नाही, पण त्याबरोबर घातलेली अट चांगली आठवते. "पायताण हितंच काढायचं," ते म्हणाले. "पोरींनी बी. गुऱ्हाळ लागताना हिची पूजा करतो आमी. लक्ष्मी हाय ती. वहाण लागू द्यायची न्हाय." आम्ही चौघांनी चार जोड वहाणा काठावरच्या दगडाशी ओळीने मांडल्या आणि अनवाणी काहिलीत शिरलो. शिरलो म्हणजे तिघे. आक्का काठावरच राहिली.

त्या दिवसांचे मला काय काय आठवते! काहिलीच्या कडेला गेल्या हंगामातला गूळ काळा होऊन चिकटलेला होता, आणि ऊन चढले की तो मऊ व्हायचा. माझ्या परकराचा घेर आठ दिवस चिकट होता. लोखंड तापे, म्हणून बुडाला ओली पोती अंथरायची. पोत्याचा कुबट वास, गुळाचा करपट वास आणि पाण्याचा शेवाळी वास, हे तिन्ही मिळून जो काही वास होई तो मला पुढे कुठेही आला नाही. शिवाय मुंग्या. काठावरून आमच्याबरोबर मुंग्याही जलप्रवासाला निघत. आई पदराने त्यांना पाण्यात झटकी आणि मग "अगं बाई, बुडल्या" म्हणून हळहळे.

पहिल्या दिवशी अण्णांनी काहिलीत उभे राहून विचारले, "हिची पुढची बाजू कोणती?"

बिरूमामा हसले. "काहिलीला कसलं पुढं नि मागं? तुमी जिकडं तोंड कराल तिकडं पुढं."

ते स्वतः लांब काठी टेकवत तिला सरळ नेत. अण्णांनी काठी घेतली की ती गरगर फिरे. टेकाड एकदा उजवीकडून जाई, एकदा डावीकडून, मध्येच आमचे छप्पर दिसे, मध्येच धरणाची भिंत. अण्णा म्हणत, "ही पूर्व." तोवर ती पश्चिम झालेली असे. मला त्या फिरण्यात अपार आनंद होई. आता वाटते, माझ्या आठवणींचे पुढे जे झाले त्याची सुरुवात तिथेच झाली असावी. त्या आठ दिवसांतले काय आधी घडले आणि काय नंतर, कोण कोणत्या बाजूला बसले होते, हे मला कधीच लावता आले नाही.

"काठी कुटंबी टेकती," बिरूमामांनी आक्काला समजावले होते. "उन्हाळ्याचं पानी हाय. हितनं टेकाडापतूर मानसाच्या छातीएवढं बी न्हाय. भ्यायाचं काय त्यात?"

आक्का मान हलवी, पण जागची हलत नसे.

आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत असू. हे मला आता फार लागते. सकाळी उठल्यापासून सगळ्यांचे डोळे तिच्यावर. ती पाण्याजवळ गेली की आई हातातले काम थांबवी. तिने पाय बुडवला की अण्णा "शाबास" म्हणत. मी तर उघडच विचारी, "आक्का, आज बसतेस?" तिसऱ्या दिवशी ती बसली. मधोमध, पोत्यावर, डोळे गच्च मिटून, आणि माझा हात असा धरून की माझ्या बांगडीचा वळ तिच्या तळव्यावर उठला.

परत आलो की अण्णा वही काढीत. दुष्काळी मुलखातले मास्तर ते. पिकाची आणेवारी काढतात तशी ते आक्काच्या भीतीची आणेवारी काढू लागले. "आज सोळापैकी किती आणे?" ते विचारीत. ती म्हणे, "बारा." ते वहीत लिहीत. दुसऱ्या दिवशी "दहा." मग "आठ." पीक बुडत चालले म्हणजे कलेक्टर कचेरीत चिंता पसरते, इथे भीती बुडत चालली म्हणून अण्णा खूश. मी त्यांना इतके खूश क्वचितच पाहिले होते.

आईला परवा मी हे सगळे विचारले. ती म्हणाली, "आठ दिवस कुठले? चारच दिवस होतो आपण. आणि बेट कसलं, मेलं टेकाड. तुझ्या वडलांनी ते बेट करून ठेवलं." वर आणखी, "आणि मुंग्या नव्हत्या. माशा होत्या." मी तिथेच अण्णांची वही शोधली. अण्णा जाऊन दोन वर्षे झाली. त्यांचे नकाशे आईने गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत, पण ती वही मिळाली नाही. त्यामुळे आठ दिवस की चार, मुंग्या की माशा, हे मी आता कुणाला विचारणार?

शेवटचा दिवस मात्र मला लख्ख आठवतो. म्हणजे मला तसे वाटते.

बिरूमामा बाजाराला गेले होते. अण्णा म्हणाले, "आपणच जाऊ. दशम्या बांधून घ्या, दुपार बेटावर काढू." गरगरत का होईना, पोचलो. आक्काचे डोळे अर्धे उघडे होते. आम्ही उतरलो आणि अण्णांनी काहील काठाच्या चिखलावर थोडी ओढली. मग त्यांनी एक चांगला दगड शोधून आणला आणि बैलगाडी थांबवल्यावर चाकाला उटी लावतात तशी काहिलीला उटी लावली. अगदी ठाकठीक, पायाने दाबून वगैरे. आम्हाला कुणालाही त्यात काही चुकले असे वाटले नाही. आम्ही गाड्यांच्या मुलखातले. थांबलेली गोष्ट घरंगळून जाते एवढेच आम्हाला माहीत. ती वर उचलली जाऊन निघून जाते, हे कुणाला सुचणार?

बोरीच्या सावलीत दशम्या खाल्ल्या. अण्णा बेटाभोवती पावले मोजत फिरून आले आणि म्हणाले, "उगाच शिकवत होतो इतकी वर्षं. उभं राहिल्याशिवाय कळत नाही." काय कळले ते त्यांनी सांगितले नाही. मग वारा सुटला. उन्हाळ्यात दुपारी सुटतो तसा, गरम आणि धुळीचा. आईने पदर तोंडावर घेतला, आणि पदर काढला तेव्हा ती म्हणाली, "अहो, काहील!"

काहील निघाली होती. रिकामी, हलकी, आपल्याशीच गिरक्या घेत. उटीचा दगड जागच्या जागी होता.

अण्णा काठी घेऊन धावले, पण काठी पोचेना. त्यांना पोहता येत नव्हते. आम्हा कुणालाच येत नव्हते, आणि पाणी छातीएवढेच आहे हे त्या घाईत कुणाला आठवले नाही. मी मात्र आनंदात होते. खरेच बेटावर अडकलो म्हणून मी नाचत होते, आणि नाचता नाचता, आक्का "नको गं" म्हणत असताना, मी एक दगड उलटा केला. खाली विंचू होता. काळा, नांगी वर केलेला. मी किंचाळून मागे पळाले आणि त्याच क्षणी माझ्या उजव्या टाचेत काहीतरी असे शिरले की डोळ्यांपुढे अंधारी आली. "विंचू चावला!" मी ओरडले.

आमच्याकडे हे शब्द ऐकले की कुणी दुसरे काही विचारीत नाही. आईने मला मांडीवर ओढले. अण्णांनी उपरणे फाडून घोट्याच्या वर आवळून बांधले. आई रडत देवाची नावे घेत होती, अण्णा "कळ कुठपर्यंत चढली? गुडघ्यापर्यंत?" असे पुन्हा पुन्हा विचारीत होते. आणि इथे माझी चूक आहे. विंचवाची कळ चढते हे मला माहीत होते. माझी कळ चढत नव्हती. ती टाचेतच होती, आणि थोड्या वेळाने तर ती कमीही झाली होती. पण आई रडत होती, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटले, "हो, गुडघ्यापर्यंत." आणि मोठ्याने रडत राहिले.

कुणीतरी वर पाहिले तेव्हा आक्का पाण्यात होती.

मला तिची पाठ दिसत होती. लुगड्याचा काचा वर खोचलेला, दोन्ही हात बाजूला वर धरलेले. पाणी कमरेला, मग छातीला. बिरूमामा म्हणाले होते छातीएवढेही नाही, पण ते त्यांच्या छातीच्या मापाने. मध्ये एकदा पाणी तिच्या खांद्याला लागले आणि ती थांबली. आई ओरडली, "पोरी, मागे फीर!" अण्णा मात्र ओरडले नाहीत. ती पुन्हा चालू लागली. पलीकडे चढली तेव्हा आमच्याकडे न वळता ती काठावर तशीच उभी राहिली, निथळत. किती वेळ कोण जाणे. मग छपराकडे पळाली.

बिरूमामांची बायको, शेवंतामामी, दोन गडी घेऊन आली. काहील धरणाच्या भिंतीपाशी जाऊन टेकली होती, ती त्यांनी आणली. मामीने माझी टाच उन्हात धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "आगं बया! इचू कुटला? बोरीचा काटा हाय की ह्यो!" तिने मंगळसूत्रातली पिन काढून तो टोकरून बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. सगळे हसले. मीही हसले. आक्का ओल्या लुगड्यात बाजूला उभी होती, ती हसली की नाही ते मी पाहिले नाही.

माझ्यावर कुणी रागावले नाही. अण्णांना तर काट्याचे भानच नव्हते. "पाण्यातून चालत गेली! माझी मुलगी!" असे ते मामीला सांगत होते, गड्यांना सांगत होते, दुसऱ्या दिवशी घरी परतताना टांगेवाल्यालाही सांगितले. चार दिवसांनी कोकणात पत्र गेले. ज्येष्ठात लग्न झाले. आक्का गेली.

मग माझा काटा सुरू झाला. कळत नव्हते तेव्हा काही वाटले नाही. पण बारा-तेरा वर्षांची झाले आणि एकदा शाळेतून येताना भर रस्त्यात थांबले. आक्काजवळ एकच नकार होता. मुलीच्या जातीने आणखी कुठला आणायचा? तोसुद्धा तिने माझ्या खोट्या विंचवापायी पाण्यात टाकला. ती घाबरत असेल, तर माझ्यासाठी जिवावर उदार होऊन उतरली. आणि भीती नुसती सांगण्यापुरती असेल, तर माझ्यासाठी ती सबब उघडी पडली. दोन्हीकडून हिशोब माझ्यावरच येत होता. तिची कार्डे येत. "येथे सर्व क्षेम. आंब्याला मोहोर बरा आहे." मी ती कार्डे उलटसुलट वाची. क्षेम म्हणजे सुखी की नुसतेच जिवंत? मोहोर बरा आहे, मग ती? माहेरी आली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राही. ती कधी फार आनंदात दिसे, कधी फार थकलेली. सगळ्याच बायका तशा दिसतात. मीही दिसत असेन.

म्हणून परवा सुमनने हट्टच धरला तेव्हा मी मुद्दाम म्हटले, "चला, काहील दाखवते." आक्का नाही म्हणेल अशी माझी अर्धी अपेक्षा होती. ती पदर खोचून तयार झाली.

बिरूमामा आता म्हातारे झालेत, पण काहील तीच आहे. टेकाड मला ओळखता येईना. एक उजवीकडे होते, एक डावीकडे, आणि बोरी दोन्हींवर होत्या. सुमन पाण्याकडे बघून म्हणाली, "एवढंच?" बिरूमामा तिला काठावरून काठी टेकवायला शिकवू लागले आणि आम्ही दोघी बाभळीखाली बसलो.

मी ठरवूनच गेले होते. "आक्का, तो विंचू नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

"काटा होता," ती म्हणाली. "माहीत आहे की."

"मामीने काढला तेव्हा ना."

"त्याच्या आधी. तू ओरडलीस तेव्हाच. अर्धा बाहेर दिसत होता टाचेतून. अण्णा वर घोटा बांधत बसले, खाली कुणी बघेचना."

"मग तू उतरलीस कशाला?"

ती जराशी ओशाळली. तीस वर्षांची बाई, पण स्थळाबद्दल अण्णांनी विचारले त्या दिवशी पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती तशीच पुन्हा गुंडाळू लागली. "सगळे तुझ्या पायाकडं बघत होते ना," ती म्हणाली. "आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. म्हटलं, तेवढ्यात एकदा उतरून बघावं."

मी विचारले, "आणि अण्णांनी परस्पर पत्र घातलं ते?"

"परस्पर कुठं? टांग्यात विचारलं त्यांनी मला. तू झोपली होतीस."

"तू हो म्हणालीस?"

"म्हणाले."

"का?"

तिने खरोखर विचार केला. सुमन पाण्याकडून काहीतरी ओरडत होती, तिकडे बघत ती म्हणाली, "आठवत नाही गं. तेव्हा काहीतरी नक्की वाटलं होतं. आता नाही आठवत."

मला हलके वाटायला हवे होते. इतकी वर्षे वागवलेला अपराध माझा नव्हताच. पण खरे सांगायचे तर मला थोडे वाईटच वाटले. तिच्या आयुष्याला वळण देणारी मी, असे मी समजत होते, आणि तिथे तर मी झोपलेली होते. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून मी जे जे वाचत आले ते सगळे काय होते? मी अजून ठरवू शकलेले नाही.

"भीती गेली होती म्हणून हो म्हणालीस?" मी शेवटचे विचारून पाहिले. "त्या दिवशी अण्णांनी वहीत एक आणा लिहिलं. मला आठवतंय."

"एक आणा मी सांगितलं म्हणून लिहिलं त्यांनी. सोळा सांगितले असते तर आणखी आठ दिवस काहील भाड्यानं घेतली असती."

"सोळा होती?"

"उतरले तेव्हा सोळा होती आणि पलीकडं चढले तेव्हाही सोळाच," ती म्हणाली. "काही कमी होत नाही ती."

सुमन काहिलीत बसून हाका मारत होती. आक्का उठली, दगडाशी वहाणा काढल्या, आणि मी काही म्हणायच्या आत काहिलीत जाऊन पोत्यावर बसली. मीही तिच्याशेजारी बसले. बिरूमामांनी काठी टेकवली. काठ सुटला तसे तिने डोळे गच्च मिटले आणि चाचपत माझा हात धरला. काहील फिरू लागली. समोर बसलेली सुमन आईकडे बघून खुदकन हसली आणि मला म्हणाली, "आई खाडीतसुद्धा रोज अशीच बसते."